दारावरचा भोंगा

शुश्रूषा केंद्रातल्या आजींना सगळ्याचाच विसर पडत चालला होता. त्या कुठे भरकटू नयेत म्हणून त्यांच्या मनगटाला टॅगचा पट्टा बांधला होता. पट्टा दाराजवळ आला की दार आपोआप बंद व्हायचं आणि भोंगा केकाटायचा. रोज त्यांना भेटायला येणारे आजोबा संध्याकाळी घरी निघाले की आजी मागोमाग यायच्या, भोंगा वाजायचा, आणि त्या आजोबांची बाही घट्ट धरून विचारायच्या, "अहो, तुम्हाला जाऊ देतात, मग मलाच का कोंडतात? मी काय केलंय?"

त्या प्रश्नानं आजोबांना घरी घास गिळवेना, अंथरुणावर पडलं तरी डोळ्याला डोळा लागेना. शेवटी त्यांनी सिस्टरना गळ घातली, "मलाही एक पट्टा बांधा. तिला झोप लागली की सोडा."

त्या संध्याकाळी आजी खुर्चीतच होत्या, तोवर आजोबा एकटेच दाराकडे गेले. खटकन कुलूप पडलं, भोंगा वाजला.

"बघ गं, मलाही सोडत नाहीत."

आजी लगबगीनं उठल्या आणि त्यांनी आजोबांचा हात हातात घेतला.



"घाबरायचं नाही हं. मी आहे ना इथे!"