एकाच वंशाचे

"सात दिवस ताडपत्री घट्ट बांधली होती म्हणता, मग हे काय आभाळातून पडले?"

बाईंनी चाळणी धुरीवाल्याच्या नाकाखाली धरली. गव्हाच्या भुश्शात सोंडे तुरुतुरु चालत होते.

"किडे मारायच्या गॅसच्या गोळ्या मोजून ठेवल्या होत्या," धुरीवाला म्हणाला. "गोदामवाल्यांच्या देखत."

"आणि त्यांची पाठ वळल्यावर अर्ध्या खिशात."

"तोंड सांभाळून बोला बाई. वीस वर्षं हे विष हाताळतोय. छातीचं पार खोकं झालंय."

"किडे मात्र ठणठणीत आहेत."

हमाल फिदीफिदी हसले. धुरीवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला, पण तो ताडपत्रीची घडी घालू लागला. बाईंना त्याचं ते घडी घालणंच जास्त डाचलं.

बाई धान्यकिड्यांच्या तज्ज्ञ. प्रयोगशाळेत बरण्यांमधून किडे वाढवायचे, त्यांना गॅस द्यायचा, तगतील त्यांची पैदास करून पुन्हा गॅस द्यायचा, हे त्यांचं रोजचं काम. दर महिन्याला पाच गोदामांत जाऊन त्या नमुनेही घेत. गेल्या दोन फेऱ्यांत पाचही ठिकाणी धुरीनंतर जिवंत किडे सापडले होते.

त्यांनी ते तपासले. पाचपट गॅस देऊनही निम्मे जगले. म्हणजे गोळ्यांची चोरी नव्हती. पण हार मानतील त्या बाई कसल्या!

"असले निगरगट्ट किडे एकदम पाचही गोदामांत कसे?" त्यांनी धुरीवाल्याला फोनवर झापलं. "तुमच्याच ताडपत्र्यांतून फिरताहेत."

"मी त्या दर खेपेला उन्हात झाडतो."

"जनुकं तपासू. किडे जागच्या जागी गॅसला सरावले असतील, तर प्रत्येक गोदामातले वेगळे निघतील. सगळे एकाच वंशाचे निघाले, तर कोणीतरी वाहून नेलेत. मग तुमची खैर नाही."

"तपासा. ताडपत्र्याही घेऊन जा."

दुसऱ्या शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेचा अहवाल तीन आठवड्यांनी आला. गोदामं आणि प्रयोगशाळा दोन्ही ज्यांच्या हाताखाली, त्या साहेबांच्या केबिनमध्ये बाईंनी पहिलं पान खणखणीत आवाजात वाचलं. पाचही गोदामांतले किडे जणू सख्खी भावंडं होती.

"अजून काही म्हणायचंय?" बाईंनी विचारलं.

धुरीवाल्याचा चेहरा उतरला. "मी झाडतो हो," तो साहेबांना म्हणाला. "घरी बायको दाराबाहेर कपडे बदलायला लावते, ते बदलल्याशिवाय मी उंबरा ओलांडत नाही. असा माणूस घाण घेऊन फिरेल?"

साहेबांनी मान हलवली. "उद्यापासून येऊ नका."

तो दारापर्यंत गेला आणि वळला. "ताडपत्र्या तेवढ्या परत द्या. दुसरीकडे काम बघावं लागेल."

"जाळल्या," बाई म्हणाल्या. "काल."

 तो खोकत जिना उतरला. बाईंनी खुर्चीत अंग सैल सोडलं. साहेबांनी अहवाल ओढून घेतला, पान उलटलं आणि चष्मा नीट केला.

"बाई, पुढचं वाचलंत?"

"त्यात काय? तेच असेल."

साहेब सावकाश वाचू लागले. "हा वंश आमच्या नोंदीतल्या एकाच वाणाशी तंतोतंत जुळतो. तो निसर्गात आढळत नाही. आठ वर्षं गॅस देऊन तो तुमच्याच प्रयोगशाळेतल्या बरण्यांत तयार झाला आहे."