ब्याण्णव किलो

गाडीतून निघालेल्या वस्तू सुकैनाने चटईवर ओळीने मांडल्या. जादा चाक एक, जॅक एक, पायपुसणी चार, टिश्यूचे डबे दोन, जपमाळ एक, आणि आसनाखालून खजुराच्या अकरा बिया. शर्यतीच्या ट्रॅकवर वेगात सुटी वस्तू पायाखाली आली तर ब्रेक दाबला जात नाही. म्हणून गाडी आधी अशी झाडून घ्यायची.

"बिया माझ्या नाहीत," तिचे वडील झुहैर म्हणाले.

"रक्तातली साखर तुमची ना? मग बियाही तुमच्याच."

शुक्रवारची सकाळ होती. सितरा बेटावरच्या त्यांच्या घरापुढे पत्र्याची शेड होती आणि तिच्याखाली दोन दारांची जुनी जपानी गाडी उभी होती. एरवी ती मासळी बाजारात जायची. उन्हाळा सरला की सखीरचा ट्रॅक हौशी लोकांसाठी उघडायचा, आणि झुहैर दर वर्षी तिथे गाडी पळवायचे. सतराव्या वर्षी सुकैनाने विचारलं होतं, मी चालवू? ते म्हणाले होते, आधी खोलायला शीक. ती शिकली. पुन्हा विचारलं मात्र नाही.

या वर्षी सगळं काम तिनेच केलं होतं. ब्रेकचं जुनं तेल हवेतली ओल पितं; चार-पाच जोरकस फेऱ्यांत ते उकळतं आणि पेडल तळाला जातं. ते तिने बदललं. नवे ब्रेक पॅड बसवले. रेडिएटरच्या जाळीतली वाळू धुऊन काढली. चाकांचे नट ठरलेल्या जोराने आवळले आणि प्रत्येकावर पिवळी रेघ ओढली. नट जरा जरी फिरला, तर रेघ तुटलेली दिसते.

झुहैर रेघांकडे बघत नव्हते. ठरलेला जोर गाठून पाना कट् करून वाजला की फक्त मान हलवत होते.

सकाळी चहा पेल्यात ओतताना त्यांचा नेम चुकला होता आणि तो बाहेर, बशीत सांडला होता. डाव्या डोळ्यात तिसरं इंजेक्शन होऊनही फरक पडला नव्हता. घरात त्यावर कुणी बोलत नसे. सांडलेला चहा पुसून टाकायचा, एवढंच. गाडी दगा देणार नाही हे पाहणं सुकैनाच्या हातात होतं. डोळ्याचं नव्हतं. आज आपण त्यांना सांगायचं, चालवू नका म्हणायचं, असं तिने ठरवलं होतं. म्हणूनच तिने प्रत्येक नट दोनदा तपासला होता आणि आता तिसऱ्यांदा तपासत होती.

शेजारचे हबीबकाका चार सपाट वजनकाटे घेऊन आले, तेव्हाही तिचं सांगून झालेलं नव्हतं.

"ही गाडी म्हातारी झाली रे," काका म्हणाले. "वळताना हिच्यापेक्षा तुझे गुडघे जास्त वाजतात."

"गुडघ्यांचं वजन करायचं नाहीये. काटे ठेव."

चार चाकांखाली चार काटे ठेवले. चालवणारा बसलेला असताना पुढचं एक आणि तिरकं मागचं एक, अशा चाकांच्या दोन्ही तिरप्या जोड्यांवर सारखा भार यावा लागतो. नाहीतर जोरात ब्रेक लावल्यावर गाडी एकीकडे ओढते. स्प्रिंगखालची कडी फिरवून तो भार जुळवतात. चालवणाऱ्याऐवजी आसनावर त्याच्या वजनाइतकं काहीही ठेवलं तरी चालतं. सुकैनाने तांदळाच्या वीस किलोच्या चार गोण्या ठेवल्या, वर पाण्याचे डबे, मिळून बारा किलो. पाना घेऊन ती पुढच्या चाकाशी बसली.

झुहैरनी खिडकीतून हात घालून गोण्या चाचपल्या. एक, दोन, तीन, चार.

"वजन चुकलंय."

"नाही चुकलं. ब्याण्णव किलो. काल रात्री तुम्हाला काट्यावर उभं केलं होतं ना?"

"माझं बरोबर असेल," झुहैर म्हणाले. "चालवणाऱ्याचं चुकलंय."

त्यांनी दार उघडलं. डबे खाली ठेवले. मग पहिली गोणी ओढली. हबीबकाका धावले, उरलेल्या तीन त्यांनी काढल्या आणि धापा टाकत म्हणाले, "वर्षानुवर्षं एवढा तांदूळ फिरवत होतास होय रे? बिचारी गाडी."

सुकैना उठली नाही. पाना तिच्या हातातच होता.

"बाबा, तुम्ही..."

"डावीकडची वळणं मला आता फक्त ऐकू येतात, पोरी. सकाळपासून तू हेच सांगायला बघतेयस. त्यापायी नटांचे आटे झिजवू नकोस." त्यांनी हात पुढे केला. "पाना दे आणि बस."

ती बसली. आसन तिच्यासाठी फार मागे होतं. झुहैरनी वाकून ते पुढे सरकवलं, पट्टा तिच्या खांद्यावरून घेतला, घट्ट ओढला आणि दोन बोटं आत घालून पाहिलं.

"हलायचं नाही. मान सरळ."

मग ते चाकाशी जमिनीवर बसले. पाना कडीवर लावला आणि डोळे मिटले. हबीबकाका आकडे वाचू लागले.

"एक तिरपी जोडी पाचशे सत्तावन्न. दुसरी पाचशे एकतीस."

झुहैरनी बोटांनी कडीची खाच शोधली आणि अर्धा फेरा दिला.

"पाचशे एक्कावन्न. पाचशे सदतीस."

सुकैना समोरच्या काचेतून बघत होती. काच तिला धूसर दिसत होती. पुसायला हात उचलला असता तर आकडे हलले असते, म्हणून तिने तो स्टिअरिंगवरच ठेवला.

झुहैरनी आणखी पाऊण फेरा दिला, थोडा मागे घेतला आणि पाना खाली ठेवला.

"वाच," ते म्हणाले.

हबीबकाकांनी घसा खाकरला.

"पाचशे चव्वेचाळीस. पाचशे चव्वेचाळीस."