मीठ मागे हटत नाही

गसने केचपची बाटली टेबलाच्या मधोमध आदळली. "हा क्वार्टरबॅक, चेंडू फेकायला उभा. आणि हा आपला हॉलोवे." मिरपुडीची डबी कडेने वळसा घालून आली आणि बाटलीवर धडकली. बाटली आडवी झाली. "संपला विषय. यंदाचा सगळ्यात भारी बचावपटू हाच. याच्याइतके क्वार्टरबॅक कोणी लोळवले नाहीत."

"लोळवले, कारण चेंडू फेकायला त्यांना जागाच दिसत नव्हती." लिऑनने साखरेची एक पुडी टेबलाच्या टोकाला नेऊन ठेवली. "जागा कोणी बंद केली? विक्सनं. त्याच्या बाजूला चेंडू टाकायची कोणाची छाती होत नाही. तुझा हॉलोवे दुसऱ्यानं रांधलेलं नुसतं वाढून घेतो."

"पण रोज पेपरात फोटो कोणाचा असतो?"

"लग्नाच्या प्रत्येक फोटोत माझी मेहुणीपण असते. म्हणून काय लग्न तिचं?"

नॉरीन खिडकीजवळच्या खुर्चीत बसून कॉफी ढवळत होती. कॉफीत साखर नव्हती. हे दोघं तिच्या वडिलांच्या हाताखाली गावच्या शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाला बचाव शिकवायचे. दर जानेवारीत, टीव्हीवर वर्षाचा मानकरी जाहीर व्हायच्या आधी, डॉटीच्या या खानावळीत तिघं बसून आपला मानकरी ठरवत. मग डॉटी भिंतीवरच्या पाटीवर, आजच्या सूपच्या खाली, त्याचं नाव खडूने लिहायची. मतं फुटली की निकाल कोचचा, म्हणजे तिच्या वडिलांचा. यंदा मतं फुटली होती आणि कोच नोव्हेंबरातच, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी, वारला होता. म्हणून त्यांनी मुलीला बोलावलं होतं.

"पोरी, शेवटी तूच होतीस त्याच्याजवळ," गस म्हणाला. "मॅच तर बघतच असाल. कोणाचं नाव घ्यायचा?"

दोघंही तिच्याकडे बघत राहिले. दोनपैकी कोणतंही नाव चाललं असतं. एक हसला असता, दुसऱ्याने शिव्या घातल्या असत्या आणि सकाळ नेहमीसारखी सरली असती.

"कोणाचंच नाही," ती म्हणाली. "रविवारच्या मोठ्या मॅच बंद करायला सांगायचे. शनिवारी कॉलेजवाल्यांची लाव म्हणायचे. टकेटची."

गसचा काटा हवेतच राहिला. "जोना टकेट? तो क्वार्टरबॅक?"

"एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये मोठे संघ कॉलेजच्या पोरांतून सगळ्यांच्या आधी ज्याला उचलणार आहेत, तो," लिऑन म्हणाला.

"तोच. म्हणाले, उभ्या जन्मात असं पोरगं बघितलं नाही. म्हणाले, याला मला अडवता आलं नसतं."

कोच क्वार्टरबॅकांना हिणवून नवरदेव म्हणायचा. कपडे न मळवता मिरवून जातात म्हणून.

"औषधांचा अंमल असणार गं," गस हळूच म्हणाला. "माझ्या आईचंही तसंच झालं होतं. शेवटी माणूस तो राहत नाही."

हेच ऐकावं लागेल म्हणून ती यायला तयार नव्हती. तिने चमचा बशीत ठेवला.

"शुद्धीत होते, गसकाका. पलंगावरच्या ट्रेवर औषधाचे कप मांडून मला शिकवत होते."

तिने बाटली उभी केली आणि साखरेच्या पुड्या ओळीने लावल्या. "हा टकेट. आधी इकडे बघतो." बाटलीचं लेबल तिने डावीकडे वळवलं. "याच्या नजरेमागे तुमचा अख्खा बचाव डावीकडे सरकतो. चेंडू जातो उजवीकडे. अंगावर कोणी धडकणार हे त्याला दिसत असतं, तरी पाय जागचे हलत नाहीत. मार खातो, पण तोवर चेंडू गेलेला असतो. बाबा तेवढंच परत लावायला सांगायचे. चेंडू बघू नको, पाय बघ, म्हणायचे."

लिऑनने दोन पुड्या मागे घेतल्या. नॉरीनने बाटली फिरवली, चेंडू मधून काढला. गसने मिरपूड दुसऱ्या बाजूने आणली. उपयोग झाला नाही. अंड्यांच्या बशा कोपरांनी कडेला गेल्या. दोघंही आता हॉलोवे आणि विक्सला विसरले होते.

"च्यायला, मग याला अडवायचा कसा?" गस म्हणाला.

नॉरीनने मिठाची डबी उचलली. या टेबलावर मीठ म्हणजे कायम बचावातला मधला माणूस, सगळ्यात धिप्पाड, समोरच्या दोघांना अंगावर घेऊन पुढे घुसणारा. मीठ मागे हटत नाही, हे गावातली पोरं कोचकडून ऐकतच मोठी झाली होती. तिने डबी बाटलीच्या समोर ठेवली. मग ती दोन बोटांच्या अंतराएवढी मागे ओढली.

"कोचनं मधला माणूस कधीच मागं घेतला नाही," गस म्हणाला.

"नाही. म्हणूनच आठवडा गेला. रोज मांडायचे, रोज मोडायचे. शेवटी इथं ठेवला. म्हणाले, ज्याला सगळं दिसतं त्याच्या अंगावर धावून उपयोग नाही. समोर उभं राहायचं. त्याच्या डोळ्यात बघत."

लिऑन पुढे वाकला. "आणि ही मधली जागा? पोरगं इथून पळून जाईल की."

"मीपण तेच विचारलं. हसले. म्हणाले, जाईलच. पण आधी क्षणभर विचार तर करावा लागेल त्याला."

गस कितीतरी वेळ त्या दोन बोटांच्या फटीकडे बघत राहिला. "बेरकी म्हातारा," तो म्हणाला. "पुरता शुद्धीत होता."

डॉटी खडू घेऊन आली. "ठरलं का? काय लिहू?"

"टकेटला जो पहिल्यांदा लोळवेल, त्याचं नाव," लिऑन म्हणाला. "तोवर सूपखालची जागा कोरी राहू दे."

डॉटीने खडू कानामागे अडकवला आणि बशा उचलल्या. साखरेच्या पुड्या वाटीत गोळा केल्या, केचपची बाटली पलीकडच्या टेबलाला दिली आणि फडकं मारायला लागली. मिठापाशी येऊन तिचा हात थांबला. तिने एकदा नॉरीनकडे बघितलं, आणि डबी न हलवता तिच्याभोवतीचं टेबल पुसून घेतलं.