उष्ट्याची बादली

देशाचं भवितव्य शाळेच्या स्वयंपाकघरात शिजतं, असं आमची ही नेहमी सांगते. जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांच्या जेवणाची ती प्रमुख आहे. घरचा स्वयंपाक मी करतो.

परवा तिला शाळांच्या जेवणाची तपासणी करणाऱ्या समितीने बोलावलं होतं. मी मागच्या खुर्चीवर तिची पर्स सांभाळत बसलो होतो.

"मुलं हे जेवण खरंच खातात, की टाकून देतात?" अध्यक्षांनी विचारलं. "पटवून द्या. नाहीतर तुमची स्वयंपाकघरं बंद आणि काम कंत्राटदाराला."

हिने प्रथिनांचे तक्ते दाखवले. अध्यक्षांनी जांभई दाखवली.

तेवढ्यात शिपायाला न जुमानता एक माणूस आत घुसला. शाळांमधलं उष्टं नेऊन तो डुकरं पोसायचा.

"बाई, पोटावर पाय दिलात माझ्या! पूर्वी शाळाशाळांतून बादल्या भरून उष्टं मिळायचं. तुम्ही आल्यापासून बादलीचा तळसुद्धा झाकत नाही. कार्टी ताटं चाटूनपुसून ठेवतात! माझ्या डुकरांच्या बरगड्या दिसायला लागल्या!"

अध्यक्षांनी तक्ते हळूच बाजूला सारले.

"स्वयंपाकघरं चालू राहतील," ते म्हणाले.

अभिमानाने माझी मान इतकी ताठ झाली, की बाहेर पडताना चौकटीवर कपाळमोक्षच होता होता राहिला.

जिन्यात त्या माणसाने हिला पुन्हा गाठलं आणि हात जोडले.

"ताई, पोरं जेवतात, चांगलंच आहे. माझं काही म्हणणं नाही. फक्त आठवड्यातून एकदा तरी भाजी करपवा की!"