लाख सूर्यांचं बाळ

चंद्राच्या मागच्या बाजूच्या वेधशाळेत बारसं होतं. पाळण्यात फोटो होता: विश्वाच्या बालपणीचा एक अजस्र वायुमेघ, तारा न होताच कोसळून थेट कृष्णविवर झालेला. जन्मतःच लाख सूर्यांएवढा.

“आधी तारा, मगच कृष्णविवर. मधली पायरी गाळता येत नाही,” असं तनुजा मेस्त्री सहकारी मुकुंदशी जन्मभर भांडल्या होत्या. हे बघायला मुकुंद उरला नव्हता.

वाद हरणाऱ्यानं आत्या व्हायचं, ही इथली रीत. तनुजाताई पाळण्यावर वाकल्या, नाव कुजबुजल्या. पाठीवर धपाटे पडले, तशा त्या चंद्रावरच्या हलकेपणानं हातभर उडाल्या.

“काय ठेवलंत?”

“मुकुंद,” त्या फोटोकडे कौतुकानं बघत म्हणाल्या. “मधली पायरी न मानणारा.”