कापडाचं रेडकू

हौसाक्काच्या गोठ्यातलं रेडकू कापडाचं आहे, हे चंद्री म्हशीला कुणी सांगितलं नव्हतं. तिचं खरं रेडकू जन्मताच गेलं. म्हैस आटू नये म्हणून हौसाक्कानं इचलकरंजीच्या एका कारखान्यातून हे आणलं होतं.

वृषाली त्याच कारखान्यात इंजिनिअर होती. केसाहून बारीक नायलॉनच्या धाग्यांवर तिनं अशी मऊ लव उठवली होती, की हात फिरवणाऱ्याला ते अस्सल कातडंच वाटावं. आतून ऊब यायची आणि पोट श्वासासारखं हलायचं. ही लव दहा वर्षं झडणार नाही, असं ती छातीठोकपणे सांगायची. पण चंद्रीच्या चाटण्यानं चारच महिन्यांत मानेवर टक्कल पडलं, म्हणून आज ती नवं कातडं घेऊन आली होती.

तिनं जुनं उतरवून नवं चढवलं. चंद्रीनं ते हुंगलं, तोंड फिरवलं आणि दाराकडे बघत रेकायला लागली. हौसाक्का धार काढायला बसली, पण थेंब येईना.

"रेडकू गेलं त्या दिवशीबी अशीच वरडत हुती," हौसाक्का हळूच म्हणाली.

वृषालीनं जुनं कातडं पुन्हा चढवलं. चंद्रीची जीभ थेट मानेवरच्या टकलावर गेली. चाटता चाटता तिचे डोळे मिटले, आणि चरवीत पहिली धार वाजली.

"पर टक्कल वाढत गेलं तर, पोरी?"

"वाढू दे, आक्का," वृषाली म्हणाली. "तिच्या लेकराची तेवढीच खूण आहे."