गोठ्याची जमीन

लांज्याहून गुरांच्या डॉक्टरीणबाई पोचल्या, तेव्हा मालनच्या गोठ्यातलं नुकतंच जन्मलेलं वासरू मान टाकून पडलं होतं, शेपटी पातळ हगवणीनं माखलेली. बाईंनी मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली; घडी तशीच उभी राहिली. "अंगातलं पाणी संपलंय. दूध पाजलंत?" "नाय वो, हगवण लागली म्हनून बंद केलंय." "दूध बंद करायचं नाही. मीठ-साखरेचं पाणी अधूनमधून वेगळं पाजायचं." शीर सापडत नव्हती. अखेर सुई लागली, सलाईनची बाटली वाशाला टांगली. ती संपत आली तसं वासरानं डोकं उचललं आणि मालनचं बोट चोखू लागलं. मालन रडायलाच लागली. "गेल्या आठवड्यात एक असंच गेलं. वाटलं, ह्येबी जातंय." बाईंचा हात थांबला. "ते कुठं बांधलं होतं?" "हितंच." मागं दुसरी गाभण गाय धापा टाकत आडवी झाली होती. "हगवणीचे जंतू या जमिनीतच आहेत. हिला इथं व्यायला देऊ नका, बाहेर काढा!" दोघींनी दावं ओढलं, पण गाय उठेना, वासराचे खूर दिसू लागले होते. मालननं दोरीवरची धुतलेली साडी ओढून खाली पसरली. वासरू त्यावर पडलं, धडपडत उठलं आणि घसरून ओल्या जमिनीवर तोंडघशी आपटलं. मालननं त्याला उचलून पडवीत नेलं, चीक पाजला. "आता ह्येला काय नाय ना होनार?" बाई हात धूत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या फोनची वाट बघत नाही. उद्या सकाळी मी येतेच."